बारा मिनिटांचं उदाहरण

पोरांनी मला ‘अर्धा’ हे नाव ठेवलं होतं. उत्तर बरोबर असलं तरी पुढे एकक लिहिलेलं नसेल, तर मी अर्धा गुण कापायचो, म्हणून. ‘पाच म्हणजे काय पाच? पाच मीटर, पाच सेकंद, की पाच मांजरी?’ असं विचारून मी बावीस वर्षं पोरांना छळलं. कागदावरची चूक माझ्या नजरेतून सुटत नाही, याचा मला माज होता. तेव्हा आधीच सांगून टाकतो, एक चूक सुटली. तिच्यात एक माणूस गेला.

विज्ञानाच्या तासाला शाब्दिक उदाहरण आलं की पोरं गांगरतात. सूत्र तोंडपाठ असतं, पण गोष्ट समोर आली की तीच पोरं मख्खासारखी फळ्याकडे बघत बसतात. म्हणून मी त्यांना चार ओळींची शिस्त लावली होती. दिलेले, काढायचे, सूत्र, उत्तर. गोष्ट वाचायची, तिच्यातले आकडे उचलायचे आणि उरलेली गोष्ट खुशाल सोडून द्यायची. ‘गोष्टीत रमू नका, आकडे काढा,’ हे माझं ठेवणीतलं वाक्य होतं, आणि दर वर्षी ते मी त्याच सुरात म्हणायचो.

शनिवारी ‘घरचं उदाहरण’ असायचं. ही टूम माझीच. प्रत्येकाने आपल्या घरातल्या किंवा आईवडिलांच्या कामातल्या एखाद्या गोष्टीवर उदाहरण रचायचं, चार ओळींत सोडवायचं आणि वही माझ्या टेबलावर ठेवायची. कुणी पाण्याची मोटर आणायचं, कुणी शिलाईच्या मशीनचं चाक. तपासणीला आलेले साहेब खूश होऊन गेले होते आणि मी त्यानंतर आठवडाभर मान ताठ करून फिरत होतो.

आठवीच्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे टाचणी म्हणायचे. अंगाने तशीच, आणि बोलणंही टोचणारं. एकदा मी फळ्यावर वजाबाकी चुकवली, तर हात वर करून म्हणाली, ‘सर, तुमचा अर्धा गुण कुणी कापायचा?’ मी रागावल्याचं दाखवलं, पण मला ती आवडायची. हे तिला कधी कळू दिलं नाही, कारण शिक्षकाने असं करू नये असं मला वाटायचं. आता वाटतं, दिलं असतं तर बरं झालं असतं.

तिने त्या शनिवारी लिहिलेलं उदाहरण मला अक्षरन्‌अक्षर पाठ आहे. ‘माझे बाबा रंगाच्या कारखान्यात टाक्या आतून धुतात. टाकी चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल आहे. उतरण्याआधी ब्लोअर लावून आतली खराब हवा बाहेर काढतात. ब्लोअर एका मिनिटात दोन घनमीटर चांगली हवा आत सोडतो. तर बाबांनी उतरण्याआधी किती वेळ थांबावे?’ खाली चार ओळी, अगदी मी शिकवल्यासारख्या. टाकीचं घनफळ चोवीस, भागिले दोन, उत्तर १२.

मी लाल पेनाने बरोबरची खूण केली. बाराच्या पुढे ‘काय?’ असं लिहिलं आणि अर्धा गुण कापला. मग उदाहरण खरोखरच छान होतं म्हणून खाली लिहिलं, ‘उत्तम. वडिलांना दाखव.’ बेचाळीस वह्या होत्या. तिच्या वहीवर माझं अर्धं मिनिटही गेलं नसेल.

तिने दाखवलं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी ती शाळेत आली नाही. मधल्या सुट्टीत शिपायाने सांगितलं की तिचे वडील टाकीत उतरले ते वर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि त्यावर लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे. तिची आई घरी इस्त्री करायची. माणसं भिंतीला टेकून बसली होती. टाचणी आतल्या खोलीत होती, दिसली नाही. अशा वेळी काय बोलायचं ते मला कधीच जमलेलं नाही. मी थोडा वेळ बसलो आणि उठलो.

मी निघालो तसा एक माणूस माझ्या मागोमाग गल्लीत आला. तो तिच्या वडिलांचा जोडीदार. एक जण टाकीत उतरतो तेव्हा दुसरा वर दोर धरून उभा असतो, तो हा. त्याच्या तळहातांवर दोराचे वळ होते. त्याने विचारलं, विज्ञानाचे सर तुम्हीच का. मी हो म्हटलं.

तो म्हणाला, आधी ते वास जाईपर्यंत थांबायचे. कधी अर्धा तास, कधी तास. सुपरवायझर वरच्या केबिनमधून ओरडायचा, उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जातं, पण हे दोघे हलायचे नाहीत. मग एक दिवस टाचणीचे वडील वही घेऊन आले. सगळ्यांना दाखवली. माझ्या मुलीने काढलंय, शाळेच्या सरांनी बरोबर दिलंय, असं सांगत फिरले. सुपरवायझरही खूश झाला, म्हणाला, म्हणजे इतके दिवस तुम्ही वेळच काढत होता. पहिल्या दोन टाक्या बारा मिनिटांत झाल्या, काही झालं नाही. तिसरी मात्र तळाशी जुना गाळ असलेली होती.

‘बारा मिनिटं पूर्ण थांबलो आम्ही, सर,’ तो म्हणाला. ‘घड्याळ लावून. एक मिनिट कमी नाही.’ मग इकडेतिकडे बघून म्हणाला, ‘हे कुठे बोलू नका आता.’ मला वाटलं, नोकरीची भीती असणार. मी मान हलवली. मला तिथून फक्त निघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. एका चंचुपात्रात निळं पाणी काठोकाठ भरलं आणि वरून नळीने स्वच्छ पाणी सोडलं. जेवढं आत जाईल तेवढं काठावरून बाहेर. एक चंचुपात्रभर स्वच्छ पाणी ओतून झालं. टाचणीच्या उदाहरणाप्रमाणे आता आत निळं काही उरायला नको होतं. पण ते चांगलं निळं होतं. उघडच आहे. येणारं पाणी आधी आतल्यात मिसळतं आणि मग बाहेर पडतं ते मिसळलेलं. घाण काही रांगेत उभी राहून आधी बाहेर जात नाही. एक तृतीयांशाहून जास्त आतच राहते, आणि जड वायू तर तळाशी बसून राहतो, जिथे माणूस उभा असतो. पाणी पुरतं स्वच्छ दिसायला मला पाच पात्रं ओतावी लागली. म्हणजे पाच पट वेळ. म्हणजे एक तास. अडाणी म्हणून ज्यांना कुणी विचारत नाही, ते दोघे नाकाने वास घेत जवळपास तेवढाच वेळ थांबत होते.

हे मला शिकून माहीत होतं. न माहीत असण्याची सोय नव्हती. वायू एकमेकांत कसे मिसळतात हा धडा मी त्याच वर्गाला त्याच वर्षी शिकवला होता. पण तिथे आकडे नव्हते आणि इथे आकडे होते, म्हणून मी एकाचा दुसऱ्याशी संबंध लावला नाही. तेरा वर्षांच्या मुलीने लावला नाही, यात तिची काही चूक नाही. ती मी सांगितलं तेच करत होती.

यानंतर मी काय केलं? काही नाही. दोन महिने काही नाही. कारखान्याच्या फाटकावर सूचना लागली, की कामगार वेळेआधी टाकीत उतरल्याने अपघात झाला. मी ती येता-जाता वाचली. खोटं बोलतात लेकाचे, असं मनातल्या मनात म्हणून मी पुढे गेलो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे मला नेमकं जमलं. जोडीदार त्या घरी जातो-येतो, त्याने त्यांना खरं सांगितलं असणारच, असं मी धरून चाललो. विचारलं कुणालाच नाही.

टाचणी पंधरा दिवसांनी शाळेत आली. बोलणं बंद. चाचणीत तिने प्रत्येक उदाहरणाखाली ‘दिलेले’ लिहून आकडे मांडले होते, नीट, एककांसकट. पुढच्या तीन ओळी कोऱ्या. दुसऱ्या चाचणीतही तसंच. तिसऱ्या चाचणीत मी तिच्या बाकाजवळ उभा राहिलो, तर तिने पेन खाली ठेवलं आणि मी जाईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, मला सगळं समजतंय. आपल्या गणिताने बाप मेला, हे ही पोर एकटी उरावर घेऊन बसली आहे. तो भार माझा आहे आणि तो मी तिच्याकडून काढून घेतला पाहिजे. खरं सांगायचं तर मला माझाच भार सोसवत नव्हता. पण तेव्हा दोन्ही एकच वाटलं.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिला प्रयोगशाळेत थांबवलं. निळं पाणी तयार ठेवलं होतं. एक पात्रभर स्वच्छ पाणी ओतून दाखवलं, मग पुढची चार. तिला तिसऱ्या पात्रालाच कळलं होतं, तिच्या डोळ्यांत मला दिसलं. तरी मी सगळं सांगितलं. तुझं भागाकाराचं गणित बरोबर होतं, उदाहरणच चुकीचं होतं, आणि ते मी ओळखायला हवं होतं. खूण मी केली. वडिलांना दाखव, असं मी लिहिलं. आधी वास जाईपर्यंत तासभर थांबणारे ते बारा मिनिटंच थांबले, ते माझ्या खुणेवर. त्यात तुझा काही दोष नाही.

तिने पात्राच्या काठावर बोटं ठेवली.

‘किती थांबले?’ तिने विचारलं.

‘बारा मिनिटं.’

‘पाच,’ ती म्हणाली. ‘पाचच मिनिटं थांबले. आई म्हणते, त्यांना घाईच असायची. काकांनी पण तेच सांगितलं.’

काका म्हणजे जोडीदार. मी तिथेच थांबायला हवं होतं. माझ्या जागी थोडी अक्कल असलेला कुणीही थांबला असता. पण समोर चुकीचा आकडा आला की तो दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. सुंभ जळतो, पीळ जात नाही. मी म्हटलं, ‘नाही. काकांनी मला स्वतः सांगितलं. घड्याळ लावून पूर्ण बारा मिनिटं थांबले.’

तिचा चेहरा उजळला. खोटं सांगत नाही, त्या पोरीचा चेहरा दोन महिन्यांनी पहिल्यांदा उजळला. ‘म्हणजे बाबांनी माझं ऐकलं,’ ती म्हणाली. मग तिने सांगितलं, की तिला वडिलांचा फार राग आला होता. एवढं गणित काढून दिलं आणि या माणसाला बारा मिनिटं धीर धरवला नाही, मग उत्तरं काढून उपयोग काय, माणसं थांबतातच कुठे. म्हणून ती पुढच्या ओळी लिहीत नव्हती. म्हणजे दोन महिने ती आपल्या गणितावर नाही, बापावर रागावली होती.

हे ती भराभर बोलली आणि बोलता बोलता मधेच थांबली. माझ्यासमोर तिने तो हिशेब पूर्ण केला. ते थांबले होते. तिने सांगितलं तेवढेच थांबले होते. आधी ते तासभर थांबायचे. पात्राच्या काठावर तिची बोटं होती, ती तिने काढून घेतली.

‘गणित मी घातलं होतं, सर,’ ती म्हणाली.

मी पुन्हा खुणेचं सांगू लागलो. ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. ती दप्तर उचलून म्हणाली की हे आईला सांगायला हवं, आई उगीच बाबांना बोलते. मी म्हटलं, मी येतो बरोबर. आम्ही निघालो. मला अजूनही वाटत होतं, की मी उशिरा का होईना, धीराचं काम करतोय. त्या माणसावरचा डाग तरी पुसला जाईल, मी कारखान्यात लिहून देईन, त्यात माझी नोकरी गेली तरी चालेल, असं मी मनात घोळवत होतो.

तिची आई इस्त्री करत होती. टाचणीने दारातूनच सांगितलं, ‘आई, बाबा बारा मिनिटं थांबले होते. सर सांगतात.’

बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. चार शर्टांची गठडी बांधली, मुलीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे देऊन ये, आत्ताच्या आत्ता हवेत त्यांना. मुलगी घुटमळली. ‘जा,’ त्या म्हणाल्या, आणि ती गेली.

मग बाई माझ्याशी बोलल्या. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

‘मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, सर. भाऊजी दोर टाकून आधी इथेच आले होते. पायरीवर बसून रडत होते, बारा मिनिटं, बारा मिनिटं करत. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. पोरगी आत होती. मी त्यांना म्हटलं, पाच सांगायचं. कुणीही विचारलं तरी पाच. कारखान्याचे साहेब आले, त्यांना मी स्वतः सांगितलं, घाईच असायची त्याला. त्यांना तेच हवं होतं. लिहून घेतलं, मी सही केली.’

मी काही तरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला.

‘वीस वर्षांत त्या माणसाने कधी घाई केली नाही. जेवायला बसला तरी तास लावायचा. आणि मी दोन महिने रोज त्याला नावं ठेवते तिच्यासमोर. उतावळा होता, ऐकायचा नाही, मरायचंच होतं त्याला. मेलेल्या माणसाला, सर. ती बापाचा राग करेल, करू दे, म्हटलं, रागातून माणूस बाहेर येतो. आपल्यामुळे बाप गेला, यातून येत नाही.’ त्या थांबल्या. ‘तुम्हाला बोलायचंच होतं, तर आधी माझ्याकडे का नाही आलात?’

मला मोकळं व्हायचं होतं, आणि आईपेक्षा मुलीसमोर मोकळं होणं सोपं होतं, एवढंच.

बाईंनी पदराने तोंड पुसलं. ‘ती आता येईल,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचा घोटाळा झाला म्हणून सांगायचं. भाऊजी बोलले ते आधीच्या टाकीचं होतं. त्या दिवशी पाचच.’ आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. ‘तुमच्या तोंडून यायला हवं. तुमचं ती खरं मानते.’

टाचणी धावत आली असावी, तिला धाप लागली होती. आई पुन्हा इस्त्री फिरवू लागली होती. मी म्हटलं, बाळ, माझं ऐकण्यात चुकलं. काका म्हणाले ते आधीच्या टाक्यांबद्दल. त्या दिवशी पाच मिनिटांतच उतरले. मी असं कधीच बोलत नाही. बाळ हा शब्द मी बावीस वर्षांत कुणाला वापरला नव्हता.

तिने माझ्याकडे बघितलं. मग आईकडे, आईच्या हाताकडे, तो त्याच बाहीवरून पुन्हा पुन्हा फिरत होता. कापड जळल्याचा वास यायला लागला होता. ती पुढे गेली, आईच्या हातातून इस्त्री घेतली आणि बाजूला ठेवली.

‘हो,’ ती म्हणाली. ‘बाबांना घाईच असायची. चपलासुद्धा रस्त्यात चालता चालता घालायचे, नाही का गं आई?’

‘हो ना,’ आई म्हणाली. ‘चालता चालताच.’ आणि तिचा जीव भांड्यात पडला, इतका की ती स्टुलावर बसून रडायला लागली. मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. माझ्याकडे तिने परत बघितलं नाही. जेवायला तास लावणारा माणूस चपला चालता चालता घालत नाही, हे मला माहीत होतं आणि तिलाही. आईला वाटलं, पोर वाचली. पोरीने आईला तसं वाटू दिलं, आणि खरं काय ते आपल्याला कळलंय, हे आता ती कुणालाही सांगणार नव्हती.